डब्याचा नंबर

आक्राच्या बाजारात हार्ड डिस्क दुरुस्तीला देणारा माणूस घरच्या संगणकावर दिसलेला तिचा नंबर लिहूनच आणतो. न जाणो, बदलली तर? क्वाब्लामामांच्या चिठ्ठीतला नंबर दुरुस्ती करणाऱ्या एसिनामच्या पडद्यावरच्या नंबराशी काही जुळेना.

“पोरी, माझी डिस्क कुठंय? बायकोचा आवाज आहे तिच्यात!” मामा कडाडले. लोक जमले.

डिस्क नीट वाचता यावी म्हणून एसिनामनं तिच्याभोवतीचा, यूएसबीनं जोडायचा डबा काढून ती थेट संगणकाला जोडली होती, एवढंच. डबा! तो भंगारात टाकलेला. तिनं तो उकरून काढला, डिस्क पुन्हा आत बसवली. चिठ्ठीतलाच नंबर उमटला.

“मामा, हा नंबर डब्याचा हो. डिस्कचा तो मघाशी पडद्यावर दिसलेला.”

मामांनी चिठ्ठी डब्याशेजारी ठेवली. “म्हणजे या डब्यात दुसरीच डिस्क घातली असतीस, तरी मी तुला आशीर्वाद देऊन गेलो असतो?”