मूळ ओळीचा क्रमांक

आज सकाळी संगणकाच्या पडद्यावर एक चूक उमटली आणि तिच्याशेजारी मूळ प्रोग्रॅममधल्या ओळीचा क्रमांक दिसला. एवढंसं दृश्य, पण मी बराच वेळ त्याकडे बघत बसले.

यंत्राच्या अगदी जवळच्या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम आमचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं नव्या भाषेत आणतं. पूर्वी काही बिघडलं, की ते मुळातल्या कुठल्या ओळीतून आलं हे कळायचं नाही. शेजारी बसणारी वसुधा सारखी म्हणायची, "प्रत्येक टप्प्यावर मूळ ओळीचा क्रमांक सोबत जाऊ द्या." साहेब म्हणायचे, "भाषांतर होतंय ना? मग पुरे." शेवटी तिनं नोकरीच सोडली. पुढे साहेब बदलले आणि तीच कल्पना दुसऱ्याच कुणाच्या नावावर मंजूर झाली.

आपलं बरोबर होतं, हे माणसाला किती उशिरा कळतं. कित्येकांना तर कळतही नसेल. म्हणून दुपारी मी वसुधाला फोन केला.

"तू म्हणायचीस तसंच केलंय गं आता. छान चालतंय."

ती हळूच म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मला इतकी वर्षं वाटत होतं, मलाच ते काम समजलं नव्हतं."