कुंपणावरच्या कटुल्यांची लग्नं

माझं माहेर रिठदचं. तिथे आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवताची काडी दिसली तरी वडिलांचं डोकं फिरायचं. स्वच्छ धुरा म्हणजे शेतकऱ्याची अब्रू, हेच मी लहानपणापासून ऐकलेलं. वर मी कृषीची पदवीधर! लग्न होऊन कारंज्याजवळच्या या भाजीपाल्याच्या मळ्यात आले आणि इथलं कुंपण पाहून मला झीट यायचीच बाकी राहिली. वेलींचा नुसता गुंता.

त्यातले कटुल्याचे, म्हणजे कर्टोल्याचे, वेल सासूबाईंचे फार लाडके. कोणी लावले म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "लावा कायले लागते? माह्या सासूच्याबी आंधीपासून हायेत."

दुसऱ्या वर्षी नणंदेला दिवस राहिले. श्रावणात डोहाळजेवण ठरलं आणि बाईसाहेबांना डोहाळा लागला तो घरच्या कुंपणावरच्या कटुल्यांचाच. बाजारातली आणून दिली की तोंड वाकडं. फोनवर मीच छाती ठोकून सांगितलं, "ताई, परातभर करून वाढते!"

सासूबाई तेव्हा जऊळक्याला बहिणीकडे गेल्या होत्या. मी रोज वेल न्याहाळायची. काही वेलांवर फुलामागे इवलंसं केसाळ कटुलं दिसायचं. काहींवर नुसतीच पिवळी फुलं, मागे देठ. फुकटखाऊ मेले! एका सकाळी विळा घेतला आणि असे सगळे वेल कापून उकिरड्यावर टाकले. कामाच्या वेलांना जागा झाली, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

चार-पाच दिवसांत उरलेल्या वेलांवरची इवली कटुली पिवळी पडून टपाटप गळायला लागली. पाणी दिलं, शेणखत घातलं, निंबोळीचा अर्क फवारला. गळती काही थांबेना. डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलेलं. सासूबाई परतल्या तशी त्यांना थेट कुंपणापाशी नेलं. त्यांनी वेल चाळवले, उकिरड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो माय! सारे नवरे कापून फेकले अन् आता लेकरं मांगून राह्यली?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पपईची नर झाडं, मादी झाडं यावर मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिली होती! कुंपणावरच्या रानवेलातही नर-मादी असेल, हे मात्र सुचलं नाही. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई पदर तोंडाला लावून खो खो हसल्या. "रडू नको वो. वेलाचा कांदा भुईत जिता हाये, पुढच्या साली नवरे पुन्हा निंघतीन. यंदापुरते उसने आणू."

दिवेलागणीच्या आधी त्यांनी मला गावामागच्या टेकाडावर नेलं. कटुल्याचं फूल सांजेलाच उमलतं, हेही मला तेव्हा कळलं. तिथल्या रानातल्या वेलांची नर फुलं निवडून पळसाच्या पानात घेतली, मळ्यात आलो, आणि त्यांनी एक नर फूल मादी फुलात हलकेच फिरवून दाखवलं. "लागलं लगन! चाल पुढं."

आठ दिवस रोज आम्ही दोघी लग्नं लावत होतो. आणि काय सांगू, कटुली धरली की! टिकली, फुगली, त्यांच्यावर हिरवे काटे आले.

अशाच एका संध्याकाळी मी चिडून विचारलं, "आई, हे आंधी काहून नाही सांगतलं मले?"

त्या फुलं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू एवढी शिकेल. मले वाटलं, तुले ठावं असन. अन् मी सांगतलं, तर हासशीन."

दोन वर्षं मी या बाईला वाफे कसे करायचे, पाणी किती द्यायचं, हे शिकवत होते. त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. मग जी सुरुवात केली, ती घरी पोचेपर्यंत प्रश्नच प्रश्न. त्याही सांगायच्या थांबेनात.

डोहाळजेवणाला परातभर नाही, पण कढईभर कटुली झाली. नणंद बोटं चाटून जेवली, सगळी हकिकत ऐकली आणि आईवरच उखडली, "मी तुही पोटची पोर! मले तर हे कधी शिकवलं नाही तू!"

"इनं इचारलं," सासूबाई म्हणाल्या, आणि कढईतली शेवटची चार कटुली माझ्या ताटात वाढली.