राजाच्या चिलखताची बक्कलं

दानम्मा शिवणकामावर जगणारी बाई. उदगीरपासून कोसभरावर गाव, ओसरीत मशीन. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणावं असं एकच माणूस, धाकटा भाऊ शिवलिंग. त्याला नाटकाचं भारी वेड. यात्रेत गावची मंडळी राजेरजवाड्यांचं नाटक बसवायची आणि राजा नेहमी शिवलिंगच.

त्या राजाचं चिलखत दानम्माच्या हातचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात दोघं बहीणभाऊ खडी फोडायला जायचे. तिथं वाटपाच्या तेलाचे रिकामे डबे पडून असायचे. मुकादमाला विचारून तिनं ते घरी आणले, पत्र्याच्या चकत्या कापल्या, कडा दगडावर घासल्या आणि गोणपाटाच्या जाड बंडीवर माशाच्या खवल्यांसारख्या बसवल्या. काम सहा महिने चाललं.

खरी अडचण बक्कलांची होती. बंडी आवळायला बारा पट्टे, आणि शिवलिंगनं तलवार उपसून उडी मारली की एखादं बक्कल तुटून लोकांत जाऊन पडायचं. मग दानम्मा मुखेडच्या बाजारात भंगाराच्या ढिगापाशी बसून राहायची. पोलिसांचे जुने पट्टे, फाटकी दप्तरं, घोड्याचा साज, सगळं उलथंपालथं करून एका मापाचं पितळी बक्कल हुडकायची. बायका हसायच्या, हिला काय घोडा घ्यायचाय काय म्हणून. दोऱ्यानं बक्कल टिकेना, तेव्हा तिनं आतून जुना भोकाचा पैसा लावला, त्यातून रिबीट घातलं, ठोकून चपटं केलं आणि वरून अस्तर शिवलं. त्यानंतर एकही बक्कल निघालं नाही.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. तिथल्या मिरवणुकीत राजा होऊन उभं राहायला शिवलिंगला बोलावणं आलं. तो परतला रिकाम्या हातानं. ट्रंक एसटीच्या टपावरून चोरीला गेली म्हणाला आणि ओसरीत बसून लहान लेकरासारखा रडला. दानम्मानंच त्याला उठवलं. दोघं उदगीर, अहमदपूर, लातूर अशा तिन्ही स्टँडांवर हिंडले. ती कंडक्टरांना, हमालांना विचारायची आणि शिवलिंग शेजारी मान खाली घालून उभा राहायचा. त्याला लई लागलंय, असं तिला वाटे.

दिवाळीच्या तोंडावर ती एकटीच लातूरला गेली. नवं चिलखत करायचं मनात घेतलं होतं. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका दुकानदारानं सांगितलं, असली बक्कलं नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या अमृतरावांकडं मिळतील.

अमृतरावांच्या दुकानात शिरली आणि समोरच खुंटीवर चिलखत दिसलं. तिनं खवल्यांवरून हात फिरवला. ओळखायला वेळ लागलाच नाही.

कुणी दिलं, असं तिनं विचारलं. अमृतरावांनी सरळ सांगितलं. उदगीरकडचा शिवलिंग नावाचा नट. आमच्या नाटक कंपनीत त्याला राजाचं काम हवं होतं, त्याच्या बदल्यात देऊन गेला. स्वतःच्या हातानं केलंय म्हणाला.

"त्या बक्कलाखाली भोकाचा पैसा हाय," दानम्मा म्हणाली. "अस्तर उसवून बघा."

अमृतरावांनी कात्रीनं टाके उसवले. पैसा निघाला. त्यांनी चिलखत तिच्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, बाई, तुमची वस्तू आहे, घेऊन जा. दानम्मानं सुई मागून घेतली, उसवलेलं अस्तर पहिल्यासारखं शिवून दिलं आणि चिलखत तिथंच ठेवून निघाली. घरी नेऊन ते कुणाच्या अंगावर चढवायचं, हे तिला सुचेना.

भाऊबीजेला शिवलिंग आला. तिनं पाट मांडला, ओवाळलं, जेवू घातलं. तो हात धुऊन बसला तेव्हा म्हणाली, "अमृतरावांकडं जाऊन आले."

त्याचा चेहरा उतरला. "अक्का, तसं काम पुन्हा मिळालं नसतं. मागितलं असतं तर तू दिलं असतंस काय?"

"दिलं असतं," ती म्हणाली. "तीन गावं माझ्यासंगं हुडकत हिंडलास की रे."

उन्हं उतरायच्या आत तो निघून गेला.

पुढं अमृतरावांनी दानम्माला दुरुस्तीचं काम द्यायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा ती लातूरला जाऊन गठ्ठा घेऊन यायची. शिवलिंगचं नाव जिल्हाभर झालं. उदगीरला खेळ लागला की लोक तिला मुद्दाम येऊन सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि मशीन चालू करायची. भावाला रंगमंचावर तिनं त्यानंतर कधी पाहिलं नाही.