ग्रहणातली भेंडी आणि माझं बोट

माझ्या मुलीच्या बारशाला आम्ही मायलेक अकोल्याहून एसट्या बदलत पुणतांब्याला पोचलो, तेव्हा सासूबाईंनी बाळाचा उजवा हात दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवला होता. जेवणं उरकेपर्यंत त्या तो दाखवणार नव्हत्या. पण आई पाळण्यापाशी गेली आणि तिनं दुपटं सोडलंच. करंगळीच्या कडेला शेंगदाण्याएवढं सहावं बोट. इवल्याशा नखासकट.

सासूबाई आईच्या पाया पडल्या. "विहीनबाई, चूक आमच्या घरात झाली. ग्रहन लागलं हुतं आन् हिनं भेंडी चिरली. मी म्हशीकडं गेल्ते. पोरीला पदरात घ्या."

"असू द्या," आई मोठ्या मनानं म्हणाली.

हीच आई. मी तान्हा असताना माझं सहावं बोट तिनं घोड्याच्या शेपटीच्या केसानं आवळून पाडलं होतं. तिथं उरलेल्या गाठीला माझी बायको चामखीळ समजत होती आणि मीही तो समज राहू दिला होता. वर मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. फळ्यावर वाटाण्याची उंच-बुटकी रोपं काढून आनुवंशिकता समजावत असे, ग्रहण पाळणाऱ्यांची टर उडवत असे.

त्या दिवशी मात्र मुकाट जेवलो. सासूबाई पुरणपोळीवर तूप ओतत होत्या. तो पाहुणचार नव्हता, त्यांनी स्वतःला लावून घेतलेला दंड होता, आणि मी तो बोटं चाटून वसूल करत होतो. दाराआड बायको बाळाला घेऊन बसलेली दिसली. डोळे सुजलेले. मग मी ताटावर हात आडवा धरला.

ताटं उचलल्यावर सासूबाई टांगेवाल्याकडून आणलेला घोड्याचा केस घेऊन आल्या. "आजच बांधू. आपसूक गळून पडंल. पुढं सोयरीक जुळाया नको व्हय?"

मी सासूबाईंपुढे हात केला. "मामी, हे ग्रहणाचं नाही. माझ्याकडून आलंय." आणि गाठ दाखवली.

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मला वाटलं, पाडलं म्हंजी सपलं."

बायकोनं गाठ चाचपून बघितली. "आणि मी बारा दिवस त्या भेंडीपायी रडतीये."

यावर माफी मागायची सोडून मी शिकवायला लागलो. सवय. केस बोटाला बांधता येतो, बीजाला नाही; उद्या या पोरीच्या मुलांतही ते उतरू शकतं. पण एका मासिकात वाचलं होतं, पुढंमागं मूल जन्मायच्या आधी बीजच दुरुस्त करता येईल, मग नको ते कुठल्याच पिढीत उतरणार नाही.

सासरे सुपारी कातरत होते. "नको म्हंजी कुनाला नको, पावनं? आताच सरकार भितीवर लाल त्रिकोन काढून सांगतंय, पोरं दोन न्हाईतर तीन. उद्या म्हनंल, बोटं पाचच."

"पोर जगणारच नसेल असं काही दुखणं असलं तर करावं की दुरुस्त," बायको म्हणाली. "पण हे बोट हिचं काय वाईट करतंय?"

"तसं काहीच नाही."

"मग तिला बोलू तर लागू दे. तिलाच विचारू."

सासूबाईंनी केस कोनाड्यात जपून ठेवला, आम्हाला कधीतरी अक्कल येईल म्हणून.

मुलगी बोलायला लागल्यावर मी खरंच विचारलं. तिनं माझा हात ओढून गाठ बघितली. "तुमचं कुठं गेलं?"

तिचं बोट आजही जागेवर आहे. आता स्थळं येतात. पोहे पुढं येण्याआधीच मी पाहुण्यांना माझा हात दाखवतो. हा माणूस आपल्याला चामखीळ का दाखवतोय, हे त्यांना बराच वेळ कळत नाही. एक स्थळ कळल्यावर उठून गेलं. मुलगी हसली, उरलेले पोहे तिनंच खाल्ले. माझ्या मात्र घशाशी पुणतांब्याचं तूप आलं.