हंसाची चोच

आज चौथ्यांदा शिवण उसवली. लेकीला दिवस गेलेत, तिनेच मोबाईलवर ही नक्षी पाठवली. उडत्या हंसांची गोधडी. मोठा त्रिकोण म्हणजे हंस, त्याचं वरचं टोक म्हणजे चोच, दोन बाजूंचे छोटे त्रिकोण म्हणजे आभाळ. आभाळासाठी माझी जुनी निळी साडी फाडली. तुकडे अगदी मापात कापले, तरी पुढची पट्टी जोडली की हंसाची चोच शिवणीत गडप होते.

शेजारच्या मालूताईंनी जन्मभर गोधड्या शिवल्या. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"अगं, अगदी टोकाला लागून कापलंयस. चोचीच्या वर पाव इंच सोडायचं असतं."

"वाया जाईल म्हणून नाही सोडलं."

"वाया कसलं? ते शिवणीत जातं, म्हणून चोच राहते."

त्या गेल्या आणि मी पुन्हा उसवत बसले. मान भरून आली होती. डबे, शाळा, सासूबाईंची औषधं. माझे दिवसही मी असेच टोकाला टोक लावून कापत आले. मोकळी अर्धी घटका दिसली, की तिच्यात निवडायची भाजी घेऊन बसायचं. काही वाया घालवलं नाही, याचा केवढा तोरा होता मला!

पाचव्या वेळी नवे तुकडे कापताना पाव इंच सोडलं. चोच शाबूत राहिली. अजून तीस हंस बाकी होते. बाहेर चांगलं ऊन होतं, स्वयंपाकाला वेळ होता, कोथिंबीर निवडायची पडली होती. मी मशीनवर कापड टाकलं आणि नुसती बसून राहिले.