चावडीवरचा झेंडा आणि छापील पुरावा

स्क्रीनवरचं पान पुन्हा बदललं होतं. सकाळी धोंडिबाचं नाव, दुपारी माणिकरावांचं, संध्याकाळी परत धोंडिबा. चाकूर तालुक्यातल्या एका गावावरचा हा लेख. वाद एका ओळीचा: निजामाच्या राजवटीत गावच्या चावडीवर तिरंगा पहिल्यांदा कुणी लावला?

मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शिवाय एका ऑनलाइन ज्ञानकोशाची प्रचालक, म्हणजे लोकांची भांडणं सोडवायची बिनपगारी नोकरी. दोघं एकमेकांचं लिखाण पुसत सुटले की त्याला आम्ही एडिट वॉर म्हणतो. मी ती ओळ काढली, पान लॉक केलं आणि खाली लिहिलं, 'छापील, त्रयस्थ संदर्भ द्या.'

दुसऱ्या दिवशी बालाजी थेट लायब्ररीत हजर. धोंडिबाच्या मुलीचा मुलगा, निलंग्यात खताचं दुकान. सोबत त्याची आई, गंगाबाई. ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या.

"मॅडम, कामून काढलं आमच्या आजोबाचं नाव? गावात नवी कमान व्हायलीय. सरपंच म्हणाले, नेटवर आसंल त्येच नाव देऊ. ग्रामसभा परवा हाय."

आता कमानीचं नाव माझ्या स्क्रीनवरून ठरणार होतं.

बालाजीनं एका साप्ताहिकाचं कात्रण टेबलावर ठेवलं. "घ्या छापील." वाचताना वाक्यं ओळखीची वाटायला लागली.

"गावाची नदी कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"दक्षिणेला."

"पेपरात उत्तरेला आहे. आपल्या पानावरही उत्तरेला. ती चूक कुणी टाकली?"

त्यानं कात्रण स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाला, "म्याच टाकली."

म्हणजे बातमीदारानं आमचंच पान उतरवून घेतलं होतं. त्यानं आमच्यावर विसंबायचं आणि आम्ही त्याच्यावर, असा पुरावा चालत नाही. माणिकरावांच्या नातवानं पाठवलेला गौरव अंकही मी नाकारला होता. घरच्यांनी छापलेला, निम्म्या पानांवर पाहुण्यांच्या जाहिराती.

आता गंगाबाई बोलल्या. "म्या बघितलंय, माय. बापाचं बोट धरून चावडीपातूर गेले व्हते. आजून काय पायजे?"

"आजी, तुम्ही सांगितलेलं आधी कुणीतरी छापायला हवं. मला थेट घेता येत नाही."

"मंग म्या मेल्यावर छापत्याल व्हय?"

मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. स्वतःच्याच नियमाचा राग आला. तरी ओळ परत टाकली नाही.

नेटवर नाव नाही म्हटल्यावर ग्रामसभेत हात वर करून निवड झाली. माणिकरावांची भावकी मोठी. धोंडिबाला मुलगा नव्हता, त्यामुळे गावात त्याच्यासाठी हात वर करणारं घर उरलं नव्हतं. लातूरच्या दैनिकात बातमी आली. बातमीदार सभेला स्वतः हजर, म्हणजे संदर्भ छापील आणि त्रयस्थ. 'कमानीला माणिकरावांचं नाव देण्यात आलं' ही ओळ मलाच टाकावी लागली. झेंडा कुणी लावला, ते पानावर आजही नाही.

बालाजीचा मेसेज आला: 'नियम बरोबर हाय तुमचा. मायला काय सांगू?'

पुढच्या रविवारी आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेला घेऊन मी निलंग्याला गेले. त्या मुलाखत घेऊन संशोधन पत्रिकेला पाठवणार होत्या. रेकॉर्डर सुरू केला. गंगाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला.

"तवा लिवून घ्यायचं व्हतं, माय. आता म्या बोलले तर लोक म्हणत्याल, म्हातारी कमानीपायी जळती."

आम्ही चहा पिऊन परतलो. नियम चुकीचा नाही, उद्याही मी तोच लावीन. फक्त आता असा वाद आला की संदर्भ नंतर मागते. आधी विचारते, स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलेलं माणूस घरात कोण आहे, आणि ते अजून बोलायला तयार आहे का.