तिसऱ्या सिलेंडरची खडखड

पहिलं इंजिन फुटलं तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर तलासरीचा वेल्डर बसला होता. रविवारची सकाळ होती. आम्ही तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतो आणि समोर लांबवर कोणी नव्हतं. मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. बूस्टचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, काटा वर गेला, पाठ सीटला चिकटली, आणि मी त्या काट्याकडेच बघत राहिलो. मग एकाएकी गाडीची ओढ गेली. आरशात निळा धूर दिसला, इतका की मागचा रस्ता दिसेना.

गाडी कडेला घेतली. वेल्डर उतरला नाही. माझ्याकडे बघत बसला.

"दोनदा ओरडलो मी," तो म्हणाला. "खडखडतंय, पाय काढ म्हटलं. ऐकू नाय आलं तुला?"

काचा खाली होत्या, वारा होता, काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आलं ना. बघत होतो किती सोसतं ते."

"म्हणजे मुद्दाम फोडलंस?"

मी उतरून बॉनेट उघडलं. त्या गाडीचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा जाड नळ्यांचा गुंता, त्याने चार रविवार घालून बनवला होता. एकेक तुकडा कापून, घासून, पुन्हा पुन्हा लावून बघून. चहाशिवाय माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. टेम्पोला दोर बांधून गाडी कोसबाडला माझ्या घरी आणायची ठरली, तेव्हा तो तलासरी नाक्यावर उतरून गेला. त्यानंतर आला नाही.

खरं एवढंच होतं की मी ती खडखड ऐकली नव्हती. त्याचं ओरडणंही नाही.

डहाणूत माझं गॅरेज आहे. वीस वर्षांहून जास्त झाली. गाडी दारात लागायच्या आत मी सांगायचो, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग आहे, की पट्टा ढिला आहे, की टॅपेट वाजतात. लोक मुद्दाम बॉनेट न उघडता मला विचारायचे आणि माझं बरोबर आलं की हसायचे. मला त्याचा गर्व होता. गॅरेजवरच्या पाटीपेक्षा माझ्या कानांवर धंदा चालायचा.

मग एकदा चिकूच्या एका व्यापाऱ्याने त्याची पिकअप आणली. पुढून शिट्टीसारखा आवाज येतो म्हणाला. मी चक्कर मारून आलो. मला काहीच ऐकू आलं नाही. "काही नाही, धूळ असेल," म्हणून मी त्याला पाठवलं. तीन दिवसांनी माल भरून निघालेला असताना चारोटीच्या अलीकडे त्याचं पुढचं चाक जाम झालं. तो भांडायला आला नाही. गॅरेजच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "तुमच्याकडून असं व्हायला नको होतं." भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली जुनी पांढरी गाडी उघडली. तिच्यात टर्बो घालायची इच्छा जुनीच होती. बाहेरून अगदी साधी ठेवायची, तेच चाकांच्या लोखंडी रिंगांवरचे प्लॅस्टिकचे कप, तीच मागच्या काचेवरची जाळी, आणि आत असं इंजिन की शेजारून जाणाऱ्याने वळून बघावं. अशा गाडीला स्लीपर म्हणतात. एका भंगारवाल्याकडून डिझेल गाडीचा टर्बो आणून दोन वर्षं तसाच पोत्यात ठेवला होता. पण तेव्हा कामाला हात घातला तो हौसेने नाही. भीतीने घातला. या गाडीत सगळं काट्यांवर आणि लॅपटॉपवर दिसणार होतं. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कुठे पडते, सगळं. मला वाटलं, कानांचं काम डोळ्यांनी होईल. आणि चुकलंच तर गिऱ्हाईक बघायला नाही.

एक गोष्ट मात्र त्या जुन्या इंजिनात डोळ्यांना दिसत नाही. टर्बोने हवा दाबून भरली की कधीकधी पेट्रोल नको तेव्हा आपणहून भडकतं. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा पडावा तसं. बाहेर त्याची फक्त बारीक खडखड ऐकू येते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. ऐकली की त्या क्षणी पाय उचलायचा आणि ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं. त्यासाठी सेन्सर मिळतो. वेल्डरने सुचवलाही होता. मी म्हणालो होतो, "कान आहेत की."

इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या सिलेंडरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटून पडली होती. मी तो पिस्टन हातात घेऊन शेडमध्ये बसलो होतो. बायको मागच्या दारात येऊन काहीतरी बोलली. मी नेहमीसारखं "हो" म्हटलं. ती थोडी थांबली, मग आत गेली. तासाभराने पिशवी घेऊन निघून गेली.

मला वाटलं, रागावून गेली. त्या दिवसांत आमच्यात बोलणं फारसं उरलं नव्हतं. ती बालवाडीत शिकवते, घरी येऊन पूर्वी सगळं सांगायची. मग सांगणं कमी झालं. मला ते सोयीचं वाटत होतं, कारण अर्धं कळायचं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. चार दिवसांनी ती परत आली, तेव्हा मी शेजारणीकडून ऐकलं की तिच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. डहाणूच्या किनाऱ्यावर तिचं माहेर, माझ्या गॅरेजपासून चालत पंधरा मिनिटं. ते चारही दिवस मी गॅरेजात होतो.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आई कशी आहे?"

तिने मान वर केली नाही. काही बोलली की नाही, ते मला कळलं नाही.

त्या आठवड्यात मी कान तपासायला वापीला गेलो. डहाणूत ओळखीचं कोणी भेटलं असतं. तिथल्या मुलीने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि गुजरातीत सांगितलं की आवाज आला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ गेला. मशीन सुरू करायला ती विसरली असेल असं वाटून मी काचेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी हेडफोन काढून विचारलं, "सुरू नाही झालं?"

"सुरूच आहे, काका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावरची रेष दाखवली. डावीकडे ठीक चालली होती आणि मग उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. ग्राइंडर, हातोडा, बंद शेडमधली इंजिनं. बारीक आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत, ते म्हणाले. पुढे बोलणंही अवघड होत जाईल. यंत्र लावा, आवाजापासून लांब राहा. मी विचारलं, "लांब म्हणजे किती?" त्यांनी माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

तो कागद मी कोणाला दाखवला नाही. उलट दुसरं इंजिन बांधायला घेतलं. कशासाठी, ते आज विचारलं तर नीट सांगता येत नाही. हे एक इंजिन जमलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल, असं काहीतरी डोक्यात होतं. दुसरे पिस्टन, नव्या रिंगा, जाड गॅस्केट. गॅरेजातली कामं मी पुढे ढकलत राहिलो. गिऱ्हाईकं दुसरीकडे जाऊ लागली आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. शेडमध्ये इंजिन सुरू करून मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचो. हाडातून घरघर यायची. तिच्यात खडखड असेल तर ती मला सापडत नव्हती. एकदा तर मी बॉनेटवर डोकं टेकून तसाच उभा राहिलो, इंजिन बंद करायचंही भान नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. दुपारी मी सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, इंजिन चालू होतं. अचानक बायको खिडकीशी दिसली. तिने हात आत घालून चावी फिरवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. टर्बोचं तेल परत नेणारी नळी ढिली होऊन तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत होतं. मी धावत जाऊन त्यावर वाळू टाकली.

"स्वयंपाकघरातून हाका मारतेय मी," ती म्हणाली. आता ती समोर होती, ओठ दिसत होते. "पत्रे बडवले. किती हाका मारल्या. जळून गेला असतात."

यावेळी मला खोटं सुचलं नाही. मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"बरंच काही. बारीक तर काहीच नाही. तू पाठमोरी बोललीस तर तेही नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

ती तिथे पडलेल्या टायरवर बसली. मला वाटलं, आता ती माझा हात धरेल. तसं झालं नाही. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माझी आई दवाखान्यात होती. मी दारात उभी राहून सांगितलं, तुम्ही हो म्हणालात आणि लोखंडाकडे बघत बसलात. मी दोन वर्षं समजत होते की तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही. मी काय चुकले ते शोधत होते. तुम्हाला एकदा सांगता आलं नाही?"

मी वाळू झाडू लागलो. तिने माझ्या हातातून झाडू काढून घेतला आणि आत निघून गेली.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, पण समोर येऊन बोलली. मी वापीचा कागद तिला दिला. तिने तो वाचून कपाटात तिच्या कागदांबरोबर ठेवला. नवव्या दिवशी ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "कसला आवाज असतो तो? जो तुम्हाला हवाय."

जुनी एक पद्धत आहे. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती गाडीत घ्यायची आणि कानांवर हेडफोनसारख्या घट्ट बसणाऱ्या मफमध्ये सोडायची. मी ते बनवलं आणि तिच्या कानांवर चढवलं. कमी बूस्टवर, मुद्दाम टायमिंग जरासं वाढवून मी तो आवाज एकदाच, क्षणभर काढला. तिने लगेच हात वर केला.

"ताटात वाटाणे सांडल्यासारखं," ती म्हणाली.

बालवाडीतल्या गोंगाटात फळ्याकडे तोंड असतानाही कोण रडतंय ते तिला कळतं. त्या घरघरीतून खडखड वेगळी काढणं तिला जड गेलं नाही. तीन रविवार आम्ही सकाळी सायवनच्या बाजूच्या चढावर गेलो. तिचा हात वर झाला की मी पाय उचलायचो, गाडी कडेला घ्यायचो, लॅपटॉपवर तेवढ्या दाबापुरतं ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे घ्यायचो, पुन्हा निघायचो. मी काट्याकडे बघणं सोडून दिलं. तिच्या हाताकडे बघत होतो.

तिसऱ्या रविवारी तो चढ गाडीने एका दमात घेतला. तिचा हात मांडीवरच राहिला. वर पोचल्यावर मी गाडी थांबवली. तिने मफ काढले आणि काहीतरी म्हणाली. मी तोंडाकडे बघून पुन्हा विचारलं.

"शिट्टी वाजत होती," ती म्हणाली. "पाय दाबला की चढत जाते."

"ती टर्बोची. कशी असते?"

तिला प्रश्न पडला. मग तिने ओठ गोल केले, गाल आत ओढले आणि फुंकर घातली. मला तिचे ओठ दिसत होते, गळ्याची शीर दिसत होती. आवाज काहीच नव्हता. तिने दुसऱ्यांदा, जास्त जोर लावून केलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या आठवड्यात मी तलासरीला वेल्डरकडे गेलो. त्याला सांगितलं की मी मुद्दाम फोडलं नव्हतं, मी बहिरा होतोय. तो हातातला होल्डर खाली ठेवून ऐकत राहिला.

"तेव्हा सांगितलं असतंस तर?" तो म्हणाला. "मी मॅनिफोल्डसाठी नाय रागावलो. मला वाटलं, तू माझ्या कामाला काही किंमतच देत नाय."

मी गाडीची चावी पुढे केली, चालवून बघ म्हटलं. त्याने घेतली नाही. "आज नको," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. अजून त्याने ती चालवलेली नाही.

गॅरेज मी बंद केलं नाही, पण इंजिनाचं काम घेत नाही. कानांना यंत्रं लावलीत. त्यांच्यातून पाना पडल्याचा आवाज कानात खिळा मारल्यासारखा येतो आणि माणसाचं बोलणं मात्र अर्धंच. मागच्या सोमवारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. बॉनेट न उघडता तो म्हणाला, "ऐका, कसला आवाज आहे सांगा."

मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही. ब्रेकचं, क्लचचं काम असेल तर ठेवा."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, मग हसायचा थांबला, "बघतो" म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा तपासायला बोलावलं होतं. वर्ष होऊन गेलं. ती रेष आता आणखी कुठवर उतरली असेल, ते मला बघायचं नाही. बायको रोज सकाळी माझ्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून विचारते, "कधी जायचं?" मी पुढच्या आठवड्यात म्हणतो.